नव्या पॅडची जुनी कुरकुर

गाडीला नवे ब्रेक पॅड घालून दिले की आठवड्याभरात गिऱ्हाईक पुन्हा गॅरेजच्या दारात उभं राहतं, हे कोणताही मेस्त्री सांगेल. तक्रारी ठरलेल्या. सिग्नलला थांबताना कर्कश आवाज येतो. पेडल पूर्वीसारखं घट्ट लागत नाही, खोल जातं. गाडी एका बाजूला ओढते. घाट उतरताना जळका वास आला. पैसे मोजून नवी वस्तू घातली आणि जुनीच बरी होती असं वाटू लागलं, तर माणूस वैतागणारच. पण यातली एकही तक्रार आजची नाही. प्रत्येकीमागे कुणाची तरी वर्षानुवर्षांची खटपट आहे, आणि त्यातल्या एका तक्रारीवरच्या इलाजाची किंमत कारखान्यातल्या माणसांनी आपल्या फुफ्फुसांनी चुकती केली आहे.

ऑगस्ट १८८८. जर्मनीतल्या मानहाइमहून बर्था बेंझ ही बाई नवऱ्याला न सांगता त्याच्या तीनचाकी मोटारीतून माहेरी, फोर्त्सहाइमला निघाली. बरोबर ऑयगेन आणि रिचर्ड हे दोन मुलगे. अंतर शंभर किलोमीटरच्या वर, वाट चढउताराची. गाडीला ब्रेक होते ते लाकडी ठोकळ्यांचे, आणि उतारांवर ते झिजत चालले. वाटेत बाउश्लोट नावाच्या गावात बर्थाने एका चांभाराला गाठलं आणि ठोकळ्यांवर चामड्याचे तुकडे ठोकून घेतले. मोटारीच्या इतिहासात हा प्रवास पहिला लांब पल्ल्याचा म्हणून गाजला, पण ब्रेकच्या दृष्टीने चांभाराकडचा तो थांबा जास्त मोलाचा आहे. घासणारा थर वेगळा, त्याला धरणारा आधार वेगळा, आणि झिजला की फक्त थर बदलायचा. आजच्या पॅडची पोलादी पाठ आणि तिच्यावरचा घर्षणाचा थर याच विचारावर उभे आहेत.

चामड्याची गंमत इंग्लंडातल्या डर्बीशायर परगण्यातही लोकांना ठाऊक होती. तिथल्या टेकड्यांवरून घोडागाड्या उतरवताना गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यावर जुना बूट अडकवायचे, म्हणजे लाकूड चाकावर घसरायचं नाही. हर्बर्ट फ्रूड या गृहस्थाने ते पाहिलं आणि यापेक्षा टिकाऊ काही करता येईल का, याचे प्रयोग सुरू केले. १८९७ मध्ये चॅपल-एन-ल-फ्रिथ या गावाजवळ त्याने व्यवसायाला सुरुवात केली. फ्रूड या आडनावाची अक्षरं उलटीपालटी करून आणि बायकोच्या एलिझाबेथ या नावाचं पहिलं अक्षर त्यात घालून कंपनीचं नाव झालं फेरोडो, असं सांगतात. सुरुवातीचा माल म्हणजे डांबरात किंवा राळेत मुरवलेलं सुती पट्ट्याचं जाड विणकाम. घोडागाडीला ते पुरत होतं. मोटारीच्या वेगाला पुरेना, कारण वेग वाढला की ब्रेकमध्ये उष्णता साठते आणि कापूस करपतो.

त्याच सुमारास बर्मिंगहॅममध्ये फ्रेडरिक लँचेस्टर हा विलक्षण बुद्धीचा अभियंता दुसऱ्याच वाटेने चालला होता. १९०२ मध्ये त्याने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. चाकाबरोबर फिरणारी धातूची चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटणारे पॅड, हीच आजच्या डिस्क ब्रेकची कल्पना. अडचण पॅडची होती. लँचेस्टरने तांबं वापरलं. त्या वेळच्या धुळीच्या रस्त्यांवर तांबं भराभर झिजे, आणि धातूवर धातू घासून असा काही चीत्कार उठे की आजूबाजूच्या माणसांना नको होई. नव्या पॅडची पहिली तक्रार, आवाजाची, इथे नोंदली गेली म्हणायला हरकत नाही.

आवाजाचं कोडं पुढे फार काळ सुटलं नाही. १९३५ मध्ये ब्रिटनमधल्या इन्स्टिट्यूशन ऑफ ऑटोमोबाइल इंजिनियर्सने कारखानदार आणि गाड्या चालवणाऱ्यांकडून ब्रेकच्या किंचाळण्याचे अनुभव गोळा केले. त्यांतून कारणं अनेक निघाली, एकच ठोस उत्तर निघालं नाही. १९६१ मध्ये आर. टी. स्पर यांनी मांडलेल्या उपपत्तीने विचाराला नवं वळण मिळालं. त्यांचं म्हणणं असं, की पॅड चकतीला विशिष्ट कोनात टेकला तर घर्षणाचा जोर पॅडला आणखीच आत रुतवतो, जोड लवचिक असल्यामुळे पॅड सुटतो, पुन्हा रुततो, आणि हे सेकंदाला हजारो वेळा घडलं की कानाला ती शीळ वाटते. म्हणजे दोष एकट्या पॅडचा नाही. पॅड, त्याला दाबणारा कॅलिपर, चकती आणि त्यांना धरणारे भाग हे सगळं मिळून वाजतं. चांगला मेस्त्री आवाज आला म्हणून लगेच पॅड बदलत नाही तो याचसाठी. पॅडच्या पाठीमागची पातळ पत्र्याची शिम जागेवर आहे का, क्लिपा नव्या घातल्या का, सरकत्या पिनांना ग्रीस आहे का, पॅडच्या कडेला तिरका छाट आहे का, हे तो आधी बघतो. शांत जुन्या पॅडच्या जागी आलेला नवा पॅड जाड असतो, कडक असतो आणि चकतीवरच्या जुन्या चऱ्यांशी त्याची अजून ओळख झालेली नसते.

लँचेस्टरच्या चीत्कारावर त्या काळात मिळालेला तोडगा मात्र वेगळा होता. १९०७-०८ च्या सुमारास फ्रूडने ॲस्बेस्टॉसच्या धाग्यात पितळी तार विणून ब्रेकवर चढवायचे लायनर तयार केले. हे खनिज जळत नाही, कापसासारखं विणता येतं, स्वस्त आणि मुबलक. आवाज कमी झाला, लायनर हजारो मैल टिकू लागले. पुढची साठ-सत्तर वर्षं जगातल्या बहुतेक सगळ्या मोटारी ॲस्बेस्टॉसवर थांबत होत्या.

मऊ पेडलची तक्रार हायड्रॉलिक ब्रेकबरोबर आली. त्याआधी पेडलपासून चाकापर्यंत लोखंडी दांडे आणि तारा असत. चारही दांडे सारखे ताणून घेणं हे कसबाचं काम, आणि एखादा सैल पडला की गाडी हमखास एका बाजूला ओढणार. माल्कम लॉकहीड या अमेरिकन तंत्रज्ञाने १९१७ मध्ये दांड्यांच्या जागी नळीतून द्रव वापरण्याचं पेटंट मागितलं. (विमानं बांधणारे लॉकहीड ते त्याचेच भाऊ.) बंद नळीतल्या द्रवाचा दाब सगळीकडे सारखा, म्हणून चारही चाकांना सारखा जोर. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग मॉडेल ए मध्ये हे ब्रेक आले. पण सुरुवातीच्या सिलिंडरांतले कप कच्च्या चामड्याचे होते आणि ते गळत. १९२४ च्या क्रायस्लर गाडीसाठी तिथल्या अभियंत्यांनी रबरी कप वापरून गळती आवरली. हेन्री फोर्डचा या तेलाच्या ब्रेकवर विश्वास बसायला मात्र वेळ लागला. फोर्डच्या गाड्यांत हायड्रॉलिक ब्रेक आले ते १९३९ मध्ये.

फोर्डचा संशय अगदीच निराधार नव्हता. दांडा मध्येच मऊ होत नाही, तेल होतं. तेल दाबलं जात नाही, पण त्यात अडकलेला हवेचा बुडबुडा दाबला जातो, आणि तेवढं पेडल फुकट खाली जातं. म्हणून एअर काढणं हे प्रत्येक गॅरेजचं नित्यकर्म झालं. त्यात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रतीचं कोरं तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांवर येते. उतारावर तापलेल्या ब्रेकमध्ये तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल तळाला लागतं. नवे पॅड घालताना यात आणखी एक गोष्ट घडते. जाड पॅड बसावेत म्हणून कॅलिपरचा पिस्टन मागे रेटावा लागतो. तो पुन्हा पुढे येऊन पॅडला टेकेपर्यंत पेडल पोकळ लागतं. गाडी जागची हलवण्याआधी पेडल चार-सहा वेळा पंप करून घट्ट करून घेणं हा म्हणून जीव वाचवणारा नियम आहे, आणि तो विसरला तर पहिल्याच वळणावर समोरची भिंत येते. पंप करूनही पेडल मऊच राहिलं तर हवा शिरली आहे, किंवा पॅड आपल्या खाचेत सरळ बसलेला नाही.

पॅड मागे ढकलले जाण्याचा हा प्रकार शर्यतीतल्या गाड्यांनाही नडला. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला जॅग्वार आणि डनलॉप या दोन कंपन्या मिळून डिस्क ब्रेकवर काम करत होत्या. चाचण्या घेणारा चालक होता नॉर्मन ड्यूइस. वेगात वळणं घेताना चाकाचा आधार किंचित वाके, चकती डुगडुगे आणि पॅडना मागे लोटे. पुढच्या वळणावर चालक पेडल दाबायला जाई तर पायाखाली काहीच नाही. तेल उकळण्याचा त्रास तर होताच. एकेक दुखणं काढत त्यांनी ब्रेक इतका भरवशाचा केला की १९५२ मध्ये रैंस येथे स्टर्लिंग मॉसने डिस्क ब्रेकच्या सी-टाइप जॅग्वारवर शर्यत जिंकली. पुढच्या वर्षी ल मॉंची चोवीस तासांची शर्यत टोनी रोल्ट आणि डंकन हॅमिल्टन यांनी त्याच जातीच्या गाडीवर मारली. सरासरी वेग ताशी सुमारे १७० किलोमीटर, ल मॉंमध्ये शंभर मैलांची सरासरी ओलांडण्याची ती पहिली वेळ. प्रतिस्पर्ध्यांचे जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक तापून दमत होते, आणि जॅग्वारचे चालक वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन ब्रेक मारत होते. १९५५ मध्ये सिट्रोएन डीएस या मोठ्या संख्येने बनणाऱ्या गाडीच्या पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले आणि लँचेस्टरची कल्पना अर्ध्या शतकानंतर घराघरांत पोचली.

उरली जळक्या वासाची तक्रार. पॅडमधले तंतू, धातूचा चुरा, ग्रॅफाइट हे सगळं एकत्र धरतं ते फिनॉलिक राळ, म्हणजे लिओ बेकलंडने १९०७ मध्ये शोधलेल्या बेकलाइटचीच जात. कारखान्यात ती भट्टीत पक्की करतात, तरी नवा पॅड रस्त्यावर पहिल्यांदा सडकून तापला की राळेतून वायू सुटतो, पॅड आणि चकती यांच्यात त्याचा पातळ थर साचतो आणि ब्रेक क्षणभर धरत नाही. यावर उपाय म्हणजे पॅड बसवून घेणं. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून आठ-दहा वेळा गाडी हळू करायची, पूर्ण थांबवायची नाही, मध्ये ब्रेकला थंड व्हायला अवसर द्यायचा. तेवढ्यात राळेतले वायू निघून जातात आणि पॅडच्या द्रव्याचा एक अतिपातळ, एकसारखा लेप चकतीवर चढतो. पुढचं बरंचसं घर्षण त्या लेपाचं आणि पॅडचं असतं. नवे पॅड घालून त्याच दिवशी भरल्या गाडीने बोर घाट उतरणं म्हणूनच वेडेपणाचं आहे. तापलेल्या चकतीवर गाडी दाबून उभी केली तर लेप एकाच जागी जाड होतो आणि महिन्याभराने पेडल थरथरू लागतं. गिऱ्हाईक म्हणतं चकती वाकली. बऱ्याचदा ती वाकलेली नसते, तिची जाडी जागोजाग वेगळी झालेली असते.

या सगळ्या सुखाखाली ॲस्बेस्टॉसची धूळ साचत होती. १९२४ मध्ये इंग्लंडच्या रॉचडेल गावात नेली केरशॉ ही ॲस्बेस्टॉसचं सूत कातणारी कामगार फुफ्फुसं निकामी होऊन वारली. तिच्या मृत्यूची वैद्यकीय नोंद ही ॲस्बेस्टॉसमुळे होणाऱ्या फुफ्फुसाच्या रोगाच्या इतिहासातली पायरी ठरली. १९३० मध्ये मेरिवेदर आणि प्राइस यांचा या धुळीवरचा सरकारी अहवाल आला, १९३१ मध्ये ब्रिटनने नियम केले. ते कारखान्यातल्या ठराविक कामांपुरते होते. गॅरेजमध्ये ड्रम उघडून हवेच्या फवाऱ्याने भुकटी उडवणारा मेस्त्री त्यांत कुठेच नव्हता. धोका माहीत झाल्यावरही हे द्रव्य अर्ध्या शतकाहून जास्त काळ विकलं गेलं, ही गोष्ट कोणत्याही तांत्रिक कौतुकाने झाकू नये.

हा धागा मुंबईपर्यंत येतो. फेरोडो ज्या टर्नर अँड न्यूअल समूहात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात सामील झाली, त्याच नात्यातून घाटकोपरला हिंदुस्थान फेरोडो उभी राहिली. तीच पुढे हिंदुस्थान कॉम्पोझिट्स झाली. भारतातल्या ॲस्बेस्टॉस कामगारांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात पोचला तो कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर. २७ जानेवारी १९९५ च्या निकालात न्यायालयाने कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग मानला आणि प्रत्येक कामगाराच्या तब्येतीच्या नोंदी कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांपैकी जे उशिरा संपेल तोपर्यंत, जपण्याचा आदेश दिला. एवढी लांब मुदत ठेवावी लागली, कारण हा रोग शरीरात दशकानुदशकं दबा धरून राहतो. ब्रिटनमध्ये १९९९ मध्ये पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरही बंदी आली. टर्नर अँड न्यूअल २००१ मध्ये नुकसानभरपाईच्या दाव्यांखाली कोलमडली.

ॲस्बेस्टॉसच्या जागी अरामिड तंतू, खनिज तंतू, पोलादाचा चुरा आणि तांबं आलं. तांबं उष्णता पटकन वाहून नेतं, आवाजही आवरतं. पण ब्रेकची भुकटी पावसाबरोबर ओढ्यांत जाते आणि तांबं मासळीला घातक. २०१० मध्ये कॅलिफोर्निया आणि वॉशिंग्टन या अमेरिकी राज्यांनी कायदे केले. कॅलिफोर्नियात २०२१ पासून पॅडमध्ये ५ टक्क्यांहून आणि २०२५ पासून ०.५ टक्क्याहून जास्त तांबं चालत नाही. २०२४ मध्ये युरोपीय संघाने मंजूर केलेल्या युरो ७ नियमांत पहिल्यांदाच धुराड्याबरोबर ब्रेकच्या धुळीलाही मर्यादा आली. नेहमीच्या इंजिनाच्या मोटारीला किलोमीटरमागे ७ मिलिग्रॅम, निव्वळ विजेवर चालणारीला ३. त्यासाठी कारखाने बिडाच्या चकतीवर लेसरने कठीण लेप चढवू लागले आहेत, आणि त्या लेपासाठी पॅडचं मिश्रणही वेगळं लागतं. जुन्या मिश्रणाचा पॅड अशा चकतीवर घातला तर तो झपाट्याने संपतो, म्हणून मेस्त्रीला यापुढे पॅडचा माप-आकार बघण्याआधी चकती कोणत्या जातीची आहे ते विचारावं लागणार आहे.