मच्छरदाणी, चिठ्ठी आणि किंमत

कीटकनाशकात बुडवलेल्या मच्छरदाणीमुळे लहान मुलांचे मृत्यू सुमारे एक पंचमांशाने घटतात, हे 1990 च्या दशकात आफ्रिकेतील चाचण्यांतून दिसून आले. एप्रिल 2000 मध्ये अबुजा येथे जमलेल्या आफ्रिकी राष्ट्रप्रमुखांनी निदान 60 टक्के गर्भवती आणि पाच वर्षांखालील मुलांना 2005 पर्यंत हे संरक्षण देण्याचे ठरवले. पैसा मात्र अपुरा होता. मग सवलत कोणाला द्यायची?

खेड्यापाड्यात उत्पन्नाचे दाखले नव्हते, म्हणून टांझानियाने गरिबीऐवजी गरोदरपण हीच खूण धरली. किलोंबेरो आणि उलंगा जिल्ह्यांतील प्रयोगानंतर 2004 मध्ये ‘हाती पुंगुझो’ ही देशव्यापी योजना सुरू झाली. दवाखान्यात पहिल्या तपासणीला आलेल्या बाईच्या हाती परिचारिका सवलतीची चिठ्ठी देई. ती दुकानात देऊन वरचे पैसे भरले की मच्छरदाणी मिळे, आणि जमलेल्या चिठ्ठ्यांवर दुकानदार घाऊक व्यापाऱ्याकडून नवा माल उचले. आडगावच्या दुकानांतही मच्छरदाण्या दिसू लागल्या, हे या योजनेचे मोठेच यश. पण वरचे पैसे किती, हे सुरुवातीला दुकानागणिक बदले. घरात रोकड नसलेल्या बायकांना चिठ्ठी मिळूनही उपयोग होत नसे. ज्यांच्यासाठी सवलत हवी होती, त्याच मागे राहिल्या. पुढे ही रक्कम 500 शिलिंग ठरवण्यात आली.

केनियातही आधी दुकानांतून आणि दवाखान्यांतून सवलतीच्या दरात विक्री झाली. 2006 मध्ये सरकारने सुमारे 34 लाख मच्छरदाण्या मोफत वाटल्या. पाहणी झालेल्या ग्रामीण भागांत 2004 मध्ये जेमतेम 7 टक्के मुले औषधी मच्छरदाणीत झोपत होती. 2006 च्या वाटपानंतर हे प्रमाण 67 टक्क्यांवर गेले. गरीब आणि सुस्थितीतील घरांमधले अंतर जवळजवळ मिटले.

फुकटची वस्तू लोक वापरत नाहीत, हा समज तरीही पक्का होता. अर्थशास्त्रज्ञ जेसिका कोहेन आणि पास्कलीन ड्युपा यांनी पश्चिम केनियातील दवाखान्यांत तो तपासला. किंमत शून्यावरून 40 शिलिंगांवर नेताच मच्छरदाणी घेणाऱ्या बायकांचे प्रमाण शेकडा 60 ने खाली आले. पैसे मोजणाऱ्या बायका ती फुकट मिळालेल्यांपेक्षा अधिक वापरतात, असेही आढळले नाही. थोडी का होईना, किंमत ठेवावी, या आग्रहाने गरजू निवडले जात नव्हते, वगळले जात होते.

ऑगस्ट 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मच्छरदाण्या मोफत किंवा अत्यल्प दरात सर्वांना देण्याची शिफारस केली. टांझानियातील चिठ्ठीची योजना 2014 मध्ये थांबली. त्यानंतर तेथे शाळांतून, गरोदरपणाच्या तपासणीवेळी आणि बाळाला गोवराची लस टोचताना मच्छरदाणी मोफत दिली जाऊ लागली.