टाऊन हॉलची कुळकथा

कोल्हापुरात रिक्षात बसून ‘टाऊन हॉल’ एवढं म्हटलं की रिक्षावाला पुढचं काही विचारत नाही. सीपीआर दवाखान्यासमोर दाट झाडीची बाग आहे, आणि तिच्या मधोमध दगडी इमारत. त्या हॉलात गावाची सभा भरून पाऊणशे वर्षं झाली. आत आहे ते वस्तुसंग्रहालय. तरी आमच्या तोंडी नाव टाऊन हॉलच. मुंबईत नेमकं उलट झालं. १८३३ साली पुरा झालेला तिथला टाऊन हॉल आज बहुतेकांना ‘एशियाटिक’ म्हणूनच ठाऊक आहे. तिथं आत आलेल्या संस्थेनं वास्तूचं नाव झाकून टाकलं, इथं वास्तूच्या नावानं संग्रहालयाला आपल्यात सामावून घेतलं. मला हे आमच्या गावाच्या स्वभावाला धरूनच वाटतं.

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ सालची. त्याआधी चार माणसं जमायची ती देवळाच्या मंडपात, नाहीतर वाड्यावर दरबारात, आणि दरबारात बोलावणं आल्याशिवाय जायचं नसे. देवाचीही नाही आणि राजाचीही नाही, गावाची म्हणून एक जागा असावी, ही कल्पनाच नवी होती. म्हणून तिचं नावही आहे तसंच उचललं गेलं. ‘नगरभवन’ वगैरे शब्द आले, पण ते कागदावरच राहिले.

बांधकाम १८७२ ते १८७६ या काळातलं, आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. सरळसरळ गॉथिक वळणाचा. टोकदार कमानी, अंगावर येणारं उतरतं छप्पर, वर निमुळते होत गेलेले मनोरे. लहानपणी आम्ही याला चर्चच समजायचो आणि त्यात फार चूक नव्हती, कारण ही शैली युरोपातल्या चर्चांतूनच आलेली. तिकडं असं छप्पर बर्फ घसरून जावं म्हणून सोयीचं, इकडं आषाढाची झड त्याच उतारावरून झरझर ओघळून जाते. दगड मात्र अस्सल इथला. पावसात भिजल्यावर त्याचा काळा रंग असा उठतो की इमारत जमिनीतूनच वर आल्यासारखी दिसते.

हे काम सुरू झालं तेव्हा गादीवर अल्पवयीन राजा होता. त्याच्या आधीचे, विशीतले छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) १८७० साली इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर, ३० नोव्हेंबरला, इटलीत फ्लॉरेन्सला वारले. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर हिंदू रीतीनं त्यांचं दहन झालं. तिथं १८७४ साली स्मारक उभं राहिलं. खाली संगमरवरी अर्धपुतळा, वर छत्री. ती छत्रीही मँट यांच्याच आराखड्याची! म्हणजे एकाच माणसाच्या कागदांवरून एकाच सुमारास कोल्हापुरात गॉथिक मनोरे चढत होते आणि फ्लॉरेन्सच्या बागेत आपल्याकडची छत्री उभी राहत होती. पुढं नव्या राजवाड्यात मँट यांनी या दोन्ही वळणांची सांगड घातली. तो १८८४ साली पुरा झाला, पण बघायला ते उरले नव्हते. १८८१ सालीच ते गेले. फ्लॉरेन्समधल्या त्या भागाला लोक अजून ‘इंदियानो’च म्हणतात आणि जवळच्या पुलालाही तेच नाव आहे.

टाऊन हॉलचं दुसरं आयुष्य सुरू झालं ते पंचगंगेकाठच्या मातीतून. ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं. सातवाहनकाळच्या वस्तीचे थर उघडे झाले. रोमशी असलेल्या व्यापाराच्या खुणा देणारी काशाची चीजवस्तूही याच टेकाडावर मिळालेली. ही ठेव सांभाळायला संग्रहालय झालं. १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि त्याच सुमारास संग्रहालय या इमारतीत आलं.

त्या ठेवीतली पॉसिडॉनची मूर्ती मी कितीदा पाहिली असेल. ग्रीकांचा हा समुद्रदेव वीतभरही उंच नाही. दाढी, पीळदार अंग, उचललेला हात. त्या हातातला त्रिशूळ आता नाही. तळहातावर मावेल एवढा हा देव कुठल्या तरी बंदरात उतरला आणि घाट चढून इथवर आला. कुणाच्या गाठोड्यातून आला असेल? पुढच्या भिंतीवर आबालाल रहमान यांची चित्रं आहेत, आणि बाहेर तोफा. येणारी पोरं आधी तोफांवरच हात फिरवतात.

संध्याकाळी संग्रहालयाला कुलूप लागतं, पण बाग चालूच असते. आतल्या पेशंटचा निरोप यायची वाट बघत दवाखान्यातल्या नातेवाइकांनी डबे सोडलेले असतात. पलीकडं झाडाखाली पेठेतली म्हातारी मंडळी बसलेली असतात, आणि पाणी कधी येणार, रस्ता कुणी उकरला, यंदा पूर कुठवर चढेल, यावर आवाज चढत असतात.