जाब कोणाला? वर्धा जिल्ह्यातील स्थानिक कारभाराचा एक धागा

वर्धा म्हटले, की सेवाग्राम आणि ग्रामस्वराज्य आठवते. वर्ध्याचे प्राचार्य श्रीमन्नारायण अग्रवाल यांनी 1946 साली गांधी-विचारांवर आधारलेला राज्यघटनेचा आराखडा पुस्तकरूपाने मांडला. गांधीजींची प्रस्तावना लाभलेल्या या आराखड्याचा पाया गावपंचायत हा होता. पुढे घटनेच्या 40 व्या अनुच्छेदात पंचायतींना स्थान मिळाले, पण मार्गदर्शक तत्त्व म्हणून. प्रत्यक्ष कारभार ठरवला तो प्रांतिक कायद्यांनी. ते वाचताना एक प्रश्न सतत समोर येतो : निर्णय घेणाऱ्याने जाब कोणाला द्यायचा?

मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने 1948 च्या कायद्याने जुन्या जिल्हा कौन्सिलांच्या जागी तहसीलवार जनपद सभा आणल्या. वर्धा, आर्वी व हिंगणघाट या तेव्हाच्या तहसिली. सत्ता लोकांच्या जवळ आली खरी, पण जनपदाचा मुख्य कार्यकारी अधिकारी होता डेप्युटी कमिशनर. ठराव सभेचा आणि अंमल सरकारी अधिकाऱ्याचा. त्यामुळे काम अडले, तर दोष सभेचा की साहेबाचा, हे ठरवणे कठीण.

1956 मध्ये विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर आधारलेला कायदा 1961 चा. 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. यात जिल्हाधिकारी परिषदेबाहेर राहिला. परिषदेला स्वतंत्र मुख्य कार्यकारी अधिकारी मिळाला, निवडून आलेला अध्यक्ष आणि विषय समित्या मिळाल्या. सदस्य सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू लागले. हिशेबावर लेखापरीक्षण आणि विधिमंडळाच्या पंचायती राज समितीची नजर राहिली.

मात्र ही सारी तपासणी वरून खाली येणारी. खालून वर जाब विचारण्याची जागा एकच, ग्रामसभा. तिची गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती. ती न झाल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. म्हणजे गावाने पाठ फिरवली, तरी ठराव मंजूर होऊ शकतो आणि तो गावाच्याच नावाने कागदावर चढतो.

शतकभरात कायद्याने जाब विचारण्याचा हक्क साहेबाच्या कचेरीतून गावाच्या चावडीपर्यंत आणला. तेथे तो बजावायला मात्र माणसांना स्वतः यावे लागते.