पोळ्यातील झडती आणि गावाची एकी

पूर्वी गावात एकी होती व आता ती उरली नाही, हे विधान ग्रामजीवनाविषयीच्या लेखनात वारंवार आढळते. ती एकी कोणत्या प्रकारची होती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. यवतमाळ जिल्ह्यातील पोळा, आणि विशेषतः त्या प्रसंगी म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, या प्रश्नाच्या विचारास चांगले साधन पुरवितात.

श्रावण अमावास्येच्या आदल्या सायंकाळी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळून त्यांना दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. पोळ्याच्या दिवशी बैलांना जुंपत नाहीत. त्यांना न्हाऊ घालून, शिंगे रंगवून व झुली चढवून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली ओळीने उभे करतात. मानाच्या जोडीची पूजा झाली म्हणजे तोरण तुटते व पोळा फुटतो. पुढे घरोघरी बैलांना ओवाळले जाते आणि त्यांना फिरविणाऱ्या गड्याच्या हाती बोजारा पडतो. दुसऱ्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो.

या क्रमात जुन्या गावाची रचना स्पष्ट दिसे. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले. १८६४ मध्ये त्याचा आग्नेय भाग वेगळा करण्यात आला. हाच पुढे वणी जिल्हा झाला आणि १९०५ मध्ये पुसद तालुका जोडला गेल्यावर त्यास यवतमाळ जिल्हा हे नाव मिळाले. रयतवारी पद्धतीने साऱ्याची जबाबदारी एकेका खातेदारावर आली. तथापि पाटील-पटवाऱ्यांची वंशपरंपरागत वतने कायम राहिली. पोळ्यातील पहिला मान पाटलाच्या जोडीचा असे, तो या वतनाचाच सार्वजनिक आविष्कार होय. त्रिं. ना. आत्रे यांनी 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात कुणबी व बलुतेदार यांचे परस्परावलंबन वर्णिले आहे व त्यातील जाचही दाखविला आहे. गावात प्रत्येकास जागा होती, परंतु ती जन्माने ठरलेली होती. ज्याच्या दावणीला बैल नाही असा सालदार मैदानात येई तो धन्याच्या बैलांचा कासरा धरून.

ही पायऱ्यांची एकी टप्प्याटप्प्याने ढासळली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर अनेक गावांतील पूर्वाश्रमीच्या महारांनी परंपरागत गावकामे सोडून दिली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ ग्रामवतने व १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद संपुष्टात आणले. ज्यांचा मान गेला त्यांना यात गाव मोडल्याचा भास होणे स्वाभाविक होते. ज्यांच्यावरील वेठ गेली त्यांच्या दृष्टीने तीच घटना मुक्तीची होती. गावाच्या एकीचा इतिहास लिहिताना या दोन्ही साक्षी नोंदविणे आवश्यक आहे.

मानाची परंपरा क्षीण झाली तरी झडती टिकून राहिली, हे लक्षणीय आहे. प्रमाण मराठीत झडती म्हणजे तपासणी. पोळ्यातील झडती म्हणजे तोरणाखाली मोठ्याने म्हटलेली यमकबद्ध उक्ती. एकाने ती म्हणावी व जमलेल्यांनी महादेवाच्या जयघोषाने तिला साथ द्यावी, अशी रीत आहे. ज्या बोलीत 'पोळा' हा शब्दच 'पोया' असा उच्चारला जातो, त्या वऱ्हाडीचा तो हक्काचा प्रांत आहे. झडती म्हणण्यास वतन लागत नाही. आवाज व हजरजबाबीपणा पुरतो. महादेव-पार्वती आणि बैलांचे गुणवर्णन हे तिचे जुने विषय. कापसाचा भाव, सावकार, नापिकी व पुढारी हे नंतरचे. १९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, २००२ मध्ये बीटी कापसाच्या लागवडीस परवानगी मिळाली, आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ मध्ये यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी विशेष मदत जाहीर केली. या काळात कर्जबाजारी शेतकऱ्याला आपले दुःख सर्वांसमक्ष, हसत वा चिडून, उच्चारण्याचे एक स्थान झडतीने दिले. तपासणी हा शब्दाचा रूढ अर्थ येथे वेगळ्या रीतीने सार्थ होतो.

या स्थानाचा आधार असलेला बैलच आता दुर्मिळ होत आहे. जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळ राखीव जंगलातील गवत कापून सत्याग्रह केला, तेव्हा जनावरांचा चारा हा साऱ्या गावाचा प्रश्न होता. पुढे चराई आटली व ट्रॅक्टर आले. २०१५ मध्ये बैलांच्या कत्तलीवर बंदी आल्याने थकलेला बैल विकून नवा घेणे अवघड झाले. २०२० च्या साथीत तर सार्वजनिक पोळे भरलेच नाहीत.

पोळा राखावयाचा म्हणजे त्यातील नेमके काय राखावयाचे, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. पहिल्या जोडीचा मान परत आल्याने एकी परत येणार नाही. सालदारालाही धन्यादेखत बोलू देणारी झडती मात्र बैलांच्या ओळीसोबत लोपली, तर गावाची एक बोलती जागा नाहीशी होईल. म्हणून गाव, वर्ष व प्रसंग यांच्या नोंदीसह झडत्यांचे संकलन आताच व्हावयास हवे. शेतीच्या कागदपत्रांत कर्जाचा आकडा सापडतो. तो आकडा गावाने कोणत्या शब्दांत सोसला, हे झडतीत सापडते.