तटस्थ देशाची यंत्रे : क्रिप्टो एजी प्रकरण

#थ्रेड

१/ दूरसंचाराची उपकरणे कोणत्या देशाकडून घ्यावीत, हा प्रश्न हुआवे आणि ५जीच्या वादामुळे सर्वतोमुखी झाला. प्रश्न मात्र जुना आहे. शंभराहून अधिक सरकारांनी तो एकदा मोठ्या सावधगिरीने सोडवला होता आणि त्या सावधगिरीनेच त्यांचा घात केला.

२/ दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक देशांना आपल्या वकिलाती व सैन्याशी गुप्त संदेशांची देवाणघेवाण करण्यासाठी सांकेतिक यंत्रे हवी होती. अमेरिका वा सोव्हिएत संघाकडून ती घेणे धोक्याचे होते. स्वित्झर्लंड मात्र तटस्थ. तेथील झुग शहरात १९५२ साली बोरिस हागेलिन यांनी ‘क्रिप्टो एजी’ ही कंपनी स्थापन केली होती.

३/ हागेलिन हे रशियात जन्मलेले स्वीडिश उद्योजक. त्यांचे ‘एम-२०९’ यंत्र महायुद्धात अमेरिकी सैन्याने वापरले. अमेरिकेत त्याचे सुमारे १,४०,००० नग तयार झाले. अमेरिकेचे संकेततज्ज्ञ विल्यम फ्रीडमन हे त्यांचे स्नेही. कोणत्या देशाला भक्कम यंत्र विकायचे आणि कोणाला कच्चे, याचा गुप्त समझोता १९५०च्या दशकात याच मैत्रीतून आकारास आला.

४/ १९७० साली सीआयए आणि पश्चिम जर्मनीची गुप्तचर संस्था बीएनडी यांनी मिळून ही कंपनीच विकत घेतली. मालकांची नावे लिक्टेनस्टाइनमधील एका प्रतिष्ठानाआड दडवण्यात आली. जगाच्या लेखी कंपनी स्विसच राहिली.

५/ यंत्रे चालत उत्तम. संदेश एका टोकाला कुलूपबंद होई, दुसऱ्या टोकाला अचूक उघडे. किल्ली ग्राहकाचीच, पण कुलपाची रचना अशी केलेली, की जाणकाराला ती किल्ली अल्पावधीत शोधता यावी. वापरणाऱ्याला हा दोष जाणवण्याचा मार्गच नव्हता.

६/ कंपनीतील बहुतेकांनाही याची कल्पना नव्हती. एका अभियंत्याने दमास्कसला जाऊन सीरियाच्या यंत्रांतील उणिवा दूर केल्या. सीरियाचे संदेश अमेरिकेला वाचता येईनासे झाले. १९७७ साली त्या अभियंत्याला कामावरून काढण्यात आले. चोख दुरुस्ती हाच त्याचा अपराध ठरला.

७/ १९७८ साली कॅम्प डेव्हिड येथील वाटाघाटींच्या वेळी इजिप्तचे कैरोशी होणारे संदेशवहन अमेरिका वाचत होती. १९८२च्या फॉकलंड युद्धात अर्जेंटिनाच्या संदेशांतून मिळालेली माहिती ब्रिटनला पुरवली गेली.

८/ १९९२ साली इराणने कंपनीचे विक्रेते हान्स ब्यूलर यांना अटक केली. नऊ महिने कैदेत चौकशी झाली. सांगण्यासारखे त्यांच्यापाशी काहीच नव्हते, कारण त्यांना काही ठाऊकच नव्हते. १० लाख डॉलर भरून त्यांची सुटका झाली. नंतर कंपनीने त्यांना नोकरीवरून काढले आणि ती रक्कमही परत मागितली.

९/ लवकरच जर्मनीने अंग काढून घेतले. सीआयएची मालकी २०१८पर्यंत टिकली. फेब्रुवारी २०२०मध्ये अमेरिकी, जर्मन व स्विस माध्यमांनी सारे उघडकीस आणले. स्विस गुप्तचर खात्याला हे १९९३पासून ठाऊक होते, असा निष्कर्ष स्विस संसदीय चौकशीने काढला.

१०/ ग्राहकांच्या यादीत भारत आणि पाकिस्तान दोघेही होते. परस्परांपासून गुपिते जपण्यासाठी दोन्ही शेजाऱ्यांनी एकाच दुकानातून कुलपे घेतली आणि दुकानदार तिसऱ्याचाच होता. सोव्हिएत संघ व चीन मात्र या दुकानाची पायरी चढले नाहीत.

११/ याच २०२० साली ब्रिटनने २०२७पर्यंत आपल्या ५जी जाळ्यातून हुआवेची उपकरणे काढण्याचे ठरवले. हुआवेने हेरगिरीचे आरोप सतत नाकारले आहेत. बॅनबरी येथे २०१०पासून तिची उपकरणे तपासणाऱ्या केंद्राला गंभीर तांत्रिक दोष आढळले. पण ते चिनी सरकारच्या हस्तक्षेपामुळे आहेत, असे ब्रिटिश यंत्रणेने मानले नाही.

१२/ डिसेंबर २०२०मध्ये भारतानेही दूरसंचारासाठी ‘विश्वासार्ह स्रोतां’चे धोरण मंजूर केले, १५ जून २०२१पासून ते लागू झाले. क्रिप्टो एजीची कथा येथे एक इशारा देते. तीही एके काळी विश्वासार्ह स्रोतच होती. विक्रेत्याचा देश पाहणे आवश्यक आहे. पण यंत्र उघडून तपासू शकणारी माणसे आपल्या घरी नसतील, तर विश्वासार्हतेचा शिक्का केवळ कागदावर उरतो.