सुताच्या गांवाहून वेम्ब्लीकडे

अमेरिकन मनुष्य 'फुटबॉल' म्हणतो तेव्हां त्याच्या डोळ्यांसमोर जो खेळ येतो, त्यांत चेंडू बहुधा हातांतच असतो. आपण ज्याला फुटबॉल म्हणतों त्याला तेथें 'सॉकर' असें नांव आहे. आणि हा खेळ त्या मातींत कधीं रुजलाच नाहीं, असा पुष्कळांचा समज आहे. इतिहास मात्र निराळी साक्ष देतो. हा खेळ तेथें रुजला होता, फोंफावलाहि होता. पण ज्या घरांत तो वाढला त्या घरांपासूनच तो पुढें दुरावला. अमेरिकन खेळाडू युरोपची वाट कां धरूं लागले, हें समजण्यासाठीं ही ताटातूट आधीं समजून घेतली पाहिजे.

न्यू जर्सी राज्यांत न्यूअर्क शहरापलीकडे कर्नी नांवाचें गांव आहे. एकोणिसाव्या शतकांत स्कॉटलंडच्या क्लार्क कंपनीनें त्या परिसरांत शिवणाच्या दोऱ्याचे कारखाने उभारले. पोटासाठीं समुद्र ओलांडून आलेल्या स्कॉटिश कुटुंबांनीं गांठोड्याबरोबर आपला खेळहि आणला. कारखान्याच्या संघाला दोऱ्याच्याच छापाचें नांव होतें: 'ओ. एन. टी.', म्हणजे 'आमचें नवें सूत'. १८८५ सालीं अमेरिकन चषकाची पहिली स्पर्धा याच संघानें जिंकली. मॅसॅच्युसेट्समधील फॉल रिव्हर हें असेंच कापडगिरण्यांचें गांव. पेनसिल्व्हेनियांतील बेथलेहेम येथें पोलादाच्या कारखान्यानें संघ पोसला.

१९२१ सालीं अमेरिकन सॉकर लीग निघाली आणि आज चमत्कारिक वाटेल असा प्रकार सुरू झाला. अधिक पगाराच्या आशेनें स्कॉटलंडचे धंदेवाईक खेळाडू अमेरिकेस जाऊं लागले, आणि आमचीं माणसें पळवितात अशी ओरड तिकडचे क्लब करूं लागले! १९३० सालीं मॉन्टेव्हिडिओ येथें पहिला विश्वचषक झाला. त्यांत अमेरिकेनें बेल्जियम व पॅराग्वे यांना प्रत्येकी तीन गोलांनीं हरवून उपांत्य फेरी गांठली. पॅराग्वेविरुद्धचे तिन्ही गोल फॉल रिव्हरच्या बर्ट पॅटेनॉडचे. विश्वचषकांतील ती पहिली गोलत्रयी होय, असा निर्वाळा 'फिफा' या जागतिक संस्थेनें २००६ सालीं दिला; तेव्हां पॅटेनॉड हयात नव्हता.

मग मंदी आली. गिरण्या बसल्या, त्यांच्याबरोबर संघ बसले, आणि १९३३ सालीं ती लीग मोडली. १९५० सालीं ब्राझीलमध्यें अमेरिकेनें इंग्लंडला एका गोलानें हरविलें. तो गोल हैतीहून आलेल्या ज्यो गेटजेन्सचा. न्यूयॉर्कमध्यें शिकत असतां हा तरुण एका उपाहारगृहांत भांडीं धूत असे. पुढें तो पॅरिसच्या रेसिंग क्लबांत खेळावयास गेला. पण त्या विजयानें मायदेशीं कांहींच हाललें नाहीं. त्यानंतर विश्वचषकाचें दार अमेरिकेला ४० वर्षें बंद राहिलें.

या काळांत खेळ मेला नाहीं, त्यानें घर बदललें. १९७५ सालीं पेले न्यूयॉर्कच्या 'कॉसमॉस' संघांत आला आणि प्रेक्षागारें भरलीं. परंतु ती नवी लीगहि १९८४ नंतर उरली नाहीं. उरलीं तीं शहराबाहेरच्या सुखवस्तु वस्त्यांतील मुलांचीं मैदानें. तेथें शिक्षक, प्रवास, पोषाख या साऱ्यांचा खर्च आईबापांनीं भरावयाचा, आणि मुलानें पुढें विद्यापीठाच्या संघांत जावयाचें, असा रिवाज पडला. युरोपांत क्लब मुलावर पैसा घालतो. अमेरिकेंत बापानें क्लबला पैसा द्यावयाचा. कामकऱ्यांचा खेळ ऐपतदारांचा झाला तो असा.

तरी जुनें सूत तुटलें नव्हतें. १९८९ सालच्या नोव्हेंबरांत पॉल कॅलिजुरी यानें त्रिनिदादविरुद्ध दूरवरून गोल केला आणि अमेरिका पुन्हां विश्वचषकांत आली. त्या १९९० च्या संघांतील जॉन हार्क्स, टॅब रामोस आणि टोनी मेओला हे तिघेहि कर्नीच्या परिसरांत वाढलेले! हार्क्सचा बाप स्कॉटलंडांतील डंडी गांवचा. हा मुलगा १९९० सालींच शेफील्ड वेन्सडे या इंग्लिश क्लबांत गेला, १९९१ सालीं वेम्ब्लीवर लीग चषकाचा मानकरी झाला, आणि १९९३ च्या अंतिम सामन्यांत तेथें गोल करणारा पहिला अमेरिकन ठरला. दोऱ्याच्या कारखान्यासाठीं जो खेळ समुद्र ओलांडून आला होता, तो असा परत गेला.

१९९४ चा विश्वचषक अमेरिकेंत भरला, १९९६ सालीं 'मेजर लीग सॉकर' सुरू झाली, आणि २००७ पासून तिच्या क्लबांनीं मुलांसाठीं शाळा काढल्या. यांतील बहुतेक शाळा आज फी घेत नाहींत. डॅलसच्या शाळेंतून वेस्टन मॅकेनी जर्मनीस गेला, तेथून २०२० सालीं इटलींतील युव्हेंटस क्लबांत. ख्रिस्चन पुलिसिक हा पेनसिल्व्हेनियाचा मुलगा १६ व्या वर्षीं डॉर्टमुंड येथें दाखल झाला. अठरा वर्षांखालील परदेशी खेळाडूला युरोपीय क्लब सहसा घेऊं शकत नाहीं. पण याचे आजोबा क्रोएशियाचे, म्हणून त्याला त्या देशाचें पारपत्र मिळालें व वाट मोकळी झाली. २०१९ सालीं चेल्सीनें त्याच्यासाठीं ६ कोटि ४० लक्ष युरो मोजले. २०२१ सालीं त्या क्लबानें युरोपचा सर्वोच्च चषक जिंकला.

परंतु ज्याचे आजोबा अमेरिकेंतच जन्मले, किंवा ज्याच्या बापाची थैली रिकामी आहे, त्या मुलानें काय करावें? खेळाडू परदेशीं विकला गेला म्हणजे किंमतीचा पांच टक्के भाग त्याला लहानपणापासून घडविणाऱ्या क्लबांना मिळावा, असा फिफाचा नियम आहे. अमेरिकेंतील संस्थेनें कायद्याच्या अडचणी पुढें करून तो कित्येक वर्षें लागू होऊं दिला नाहीं. डीआंद्रे येडलिन २०१४ सालीं टॉटनहॅम क्लबाकडे गेला, तेव्हां त्याला शिकविणाऱ्या सिअ‍ॅटलजवळच्या छोट्या क्लबानें आपला वाटा मागितला. मागणी फेटाळली गेली. २०१९ सालीं मेजर लीगनें आपला हक्क मागण्याचें जाहीर केलें खरें. पण गल्लींतल्या क्लबाचा प्रश्न तेवढ्यानें सुटत नाहीं.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नव्हे. गरीब मुलाला शिकवून क्लबाला कांहींच मिळणार नसेल, तर तो पैसेवाल्याच्याच मुलाला शिकवील. अमेरिकेला विद्या, मैदानें, संपत्ति यांची वाण कधींच नव्हती. तिनें गमावला तो कामकऱ्यांच्या आळींतला मुलगा. आणि कर्नीचा इतिहास सांगतो कीं, याच मुलानें तिला प्रथम हा खेळ खेळावयास शिकविलें होतें. त्याची वाट मोकळी होईल, तेव्हांच या देशाला त्याच्या आकाराला शोभेल असा संघ लाभेल.