एमबीएचं स्पेशलायझेशन: पनवेलच्या पोरांनी टिक कुठे करायची?

एमबीएचं पहिलं वर्ष संपतं, उन्हाळ्यातली इंटर्नशिप उरकते आणि तिसऱ्या सेमिस्टरच्या तोंडावर कॉलेज एक फॉर्म हातात देतं. फायनान्स, मार्केटिंग, एचआर, ऑपरेशन्स, सिस्टिम्स. यातल्या एकावर टिक करायची. बहुतेक जण हे काम पाच मिनिटांत उरकतात. वर्गातले हुशार फायनान्सला चाललेत म्हणून फायनान्स, बोलायला बरं जमतं म्हणून मार्केटिंग आणि मुलगी असेल तर घरच्यांच्या मते एचआर.

पनवेलमध्ये यात आता आणखी एक कारण आलंय. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. उरणकडे जेएनपीए बंदर, इकडे तळोजा एमआयडीसी, कळंबोलीचा लोखंड बाजार, त्यात विमानतळ. त्यामुळे "लॉजिस्टिक्स घे, दारात नोकरी आहे" हा सल्ला हल्ली कुणीही देतं. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग समजून घेऊया.

एमएमएस, एमबीए आणि तो फॉर्म

पनवेल मुंबई विद्यापीठाच्या हद्दीत येतं. या विद्यापीठात या पदवीचं जुनं नाव एमएमएस, म्हणजे मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज. नाव वेगळं असलं तरी ती एमबीएच्या बरोबरीचीच दोन वर्षांची पदवी आहे आणि दोन्हीसाठी राज्याची सीईटी एकच. नवीन पनवेल, खारघर, बेलापूर या पट्ट्यात मॅनेजमेंटची बरीच कॉलेजं आहेत, त्यामुळे हार्बर लाइन न धरताही ही पदवी घेता येते. पीजीडीएम हा मात्र डिप्लोमा असतो, विद्यापीठाची पदवी नव्हे.

एमएमएसमध्ये पहिलं वर्ष सगळ्यांना सारखं असतं. अकाउंट्स, मार्केटिंग, ऑपरेशन्स, माणसं सांभाळणं असं सगळं थोडं थोडं. खरी फाटाफूट दुसऱ्या वर्षी होते. म्हणजे सीईटीनंतर कॅप राउंडमध्ये तुम्ही कॉलेज निवडता, स्पेशलायझेशन नाही. काही स्वायत्त संस्था आणि इतर विद्यापीठं मात्र 'एमबीए बिझनेस अॅनालिटिक्स' किंवा 'एमबीए एव्हिएशन' असा वेगळा कोर्सच चालवतात. तिथे निर्णय प्रवेशाच्या दिवशीच होऊन जातो, पुढे बदलायला जागा नसते. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी आपण कुठल्या प्रकारात चाललोय ते नीट विचारून घ्या.

आता मुख्य मुद्दा. स्पेशलायझेशनचं नाव बघून ठरवू नका. त्या नावाखाली पहिल्या नोकरीत सकाळी नऊ ते संध्याकाळी सात नेमकं काय करावं लागतं, ते बघा.

लॉजिस्टिक्स म्हणजे नेमकं काय काम?

पनवेलकरांचा प्रश्न हाच असतो म्हणून याच्यापासून सुरुवात. न्हावा शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि आज ते देशातल्या सगळ्यात मोठ्या कंटेनर बंदरांपैकी आहे. पण बंदराच्या गेटच्या आत जेवढं काम आहे, त्याच्या कितीतरी पट बाहेर आहे. द्रोणागिरी, जेएनपीटी रोड, पनवेल या भागात कंटेनर फ्रेट स्टेशन, म्हणजे सीएफएस आहेत. जहाजावरून उतरलेला कंटेनर तिथे जातो आणि कस्टम्सची प्रक्रिया तिथे होते. त्याच्याभोवती शिपिंग लाइन, फ्रेट फॉरवर्डर, कस्टम्स ब्रोकर, ट्रेलरवाले, गोदामवाले असं आख्खं जग आहे.

समजा, तळोज्याच्या एका कारखान्याचा कच्चा माल चीनहून आलाय. बिल ऑफ एंट्री भरलं, पण एका कागदावरचं वर्णन जुळत नाही. कस्टम्सने प्रश्न काढला. कंटेनर सीएफएसमध्ये पडून राहिला. शिपिंग लाइनने दिलेले फ्री डेज संपले की डिटेन्शन सुरू होतं, सीएफएसचं जागेचं भाडं वेगळं लागतं, आणि तिकडे कारखान्याची लाइन थांबायच्या बेतात असते. या गोंधळात तीन वेगवेगळी माणसं काम करत असतात. एक कागद घेऊन धावतो. दुसरा दिवसभर फोनवर ट्रेलर आणि यार्ड जुळवतो. तिसरा महिन्याच्या शेवटी बसून बघतो की असे किती कंटेनर अडकले, किती पैसे गेले, पुढच्या वेळी माल कुठल्या लाइनने, किती आधी आणि किती साठा धरून मागवायचा.

पहिल्या दोन कामांना एमबीए लागत नाही. बारावी किंवा बी.कॉम. झालेली मुलं ती वर्षानुवर्षं करतायत, आणि बऱ्याचदा नव्या एमबीएपेक्षा फार चांगली करतायत. एमबीए कामाला येतो तो तिसऱ्या खुर्चीवर. अडचण अशी की जाहिरातीत तिन्हींचं नाव 'लॉजिस्टिक्स एक्झिक्युटिव्ह' असू शकतं. त्यामुळे मुलाखतीत हुद्द्याचं नाव ऐकून खूश होऊ नका. "माझ्या आधी हे काम कोण करत होतं आणि तो आता कुठे आहे?" एवढा एक प्रश्न विचारा. उत्तरातून बरंच कळतं.

आणखी एक गोष्ट. कस्टम्स ब्रोकरचा परवाना कुठल्याही एमबीएने मिळत नाही. त्यासाठी सीमाशुल्क खात्याची वेगळी परीक्षा आहे, २०१८ च्या नियमावलीप्रमाणे. ज्याला या धंद्यात स्वतःचं ऑफिस टाकायचंय, त्याने ऑपरेशन्स घेतानाच या परीक्षेचा अभ्यासक्रम काढून बघावा.

मग एव्हिएशन एमबीए घ्यायचं का?

माझं मत, शक्यतो नाही. विमानतळाचा पहिला टप्पा वर्षाला २ कोटी प्रवाशांचा आहे आणि पूर्ण झाल्यावर तो ९ कोटींचा व्हायचाय, म्हणजे कामं वाढणारच. पण विमानतळ म्हणजे फक्त विमानं नाहीत. तिथे दुकानं आहेत, कार्गो आहे, कंत्राटी कामगार आहेत, पार्किंगपासून जाहिरातीच्या जागेपर्यंत हिशोब आहे. या सगळ्याला मार्केटिंग, ऑपरेशन्स, एचआर, फायनान्सवालीच माणसं लागतात. रुंद विषय घेऊन प्रोजेक्ट विमानतळाशी संबंधित केलात, तर दोन्ही हाती राहतं. फक्त 'एव्हिएशन' लिहिलेली पदवी घेतली आणि एअरलाइन्सना वाईट दिवस आले, तर दुसऱ्या क्षेत्रात जाताना समजावत बसावं लागतं.

इथल्या घरांसाठी हा विषय नुसता करिअरचा नाही, हेही सांगायला हवं. सिडको १९७० मध्ये आली, जमिनी गेल्या. १९८४ च्या जासईच्या आंदोलनात पाच जणांचा जीव गेला, त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली. विमानतळासाठी दहा गावं उठली. ज्या जमिनीवर बंदर आणि धावपट्टी झाली, तिथल्या घरातली मुलं ट्रेलर, सिक्युरिटी आणि कंत्राटावर थांबतात आणि वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या बाहेरून भरल्या जातात, ही इथली जुनी सल आहे. मोबदल्याच्या पैशातून फी भरणारा बाप फॉर्मवरच्या त्या टिककडे त्याच नजरेने बघत असतो.

बाकीच्यांचं काय?

फायनान्स. वर्गात शिकवतात कंपनीचं मूल्यांकन, डेरिव्हेटिव्ह्ज, पोर्टफोलिओ. कॅम्पसला येतात मुख्यतः बँका आणि फायनान्स कंपन्या, आणि देतात रिलेशनशिप मॅनेजरची नोकरी. ती सेल्सची नोकरी आहे. ग्राहक गाठा, खातं उघडा, विमा विका, टार्गेट पूर्ण करा. ती वाईट नाही, पण एक्सेल उघडून शांत बसायला मिळेल म्हणून फायनान्स घेतलेल्या मुलाचा तिथे जीव जातो. अॅनालिस्टच्या खऱ्या कामासाठी स्पर्धा सीएंशी असते. तिकडे जायचं असेल तर एमबीएच्या जोडीला सीएफएसारखी परीक्षा पहिल्या वर्षापासून धरावी लागते. शिवाय ही ऑफिसं बीकेसी किंवा फोर्टात. पनवेल ते सीएसएमटी लोकलने जवळपास दीड तास, एका बाजूचा. पाच वर्षं हे झेपेल का, हा प्रश्न हलका समजू नका.

मार्केटिंग घेणाऱ्याला पहिली दोन-तीन वर्षं फिरतीची काढावी लागतात. डिस्ट्रिब्युटर, दुकानं, बिल्डरची साइट. उलवे, करंजाडे, तळोजा इथल्या फ्लॅटविक्रीतही बरेच एमबीए आहेत. ब्रँड, जाहिरात ही नंतरची गोष्ट. नुसतं इन्स्टाग्राम पेज चालवायचं असेल तर दोन वर्षांची पदवी महाग पडते.

एचआरबद्दलचा 'मुलींचा सोपा विषय' हा समज डोक्यातून काढा. तळोजा किंवा पाताळगंगेच्या कारखान्यातला एचआर पीएफ, ईएसआयसी, कंत्राटदारांची बिलं, युनियनशी बोलणी आणि अपघात झाला तर रात्री दोनला हॉस्पिटल, हे सगळं करतो. त्यात २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. जुने एकोणतीस कायदे त्यात आले, मुदतीच्या करारावरच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क मिळाला. जुन्या माणसांनाही हे नव्याने शिकावं लागतंय. म्हणजे आज कायदा नीट वाचणाऱ्या नवख्याला इथे जागा आहे. आयटी कंपनीतला एचआर हा मात्र वेगळाच प्राणी. तिथे पहिली नोकरी म्हणजे बहुधा दिवसभर उमेदवारांना फोन.

सिस्टिम्स आणि अॅनालिटिक्स इंजिनिअरांनीच घ्यावं असं काही नाही. पण एसक्यूएल आणि एक्सेल स्वतःच्या हाताने यायला हवं, फक्त नोट्समधून नाही. जोडविषय म्हणून ते ऑपरेशन्सबरोबर फार छान जातं.

नाव कुठे खरंच आडवं येतं?

खासगी नोकरीत दोन-तीन वर्षांनंतर अनुभव बघतात, स्पेशलायझेशन मागे पडतं. सरकारी भरतीत तसं नाही. आयबीपीएसमार्फत सरकारी बँकांत स्पेशालिस्ट ऑफिसर भरले जातात, त्यात मार्केटिंग ऑफिसर आणि एचआर ऑफिसर ही पदं असतात. त्यांचा नियम स्पष्ट आहे. दोन स्पेशलायझेशन असतील तर त्यातलं एक मागितलेल्या विषयातलं हवं. मेजर-मायनर असेल तर मेजर त्या विषयात हवं. आणि दोनपेक्षा जास्त स्पेशलायझेशन असलेल्यांना अर्जच करता येत नाही. 'ट्रिपल स्पेशलायझेशन' अशी जाहिरात करणाऱ्या संस्थेत प्रवेश घेण्याआधी हे वाक्य पुन्हा वाचा. बँकेची तयारी करायची असेल तर मार्कशीटवर विषयाचं नाव नेमकं कसं छापून येतं, तेही सीनियरकडून बघून घ्या.

पॅकेजचा आकडा

फॉर्म भरताना सगळ्यात जास्त गोंधळ पॅकेजने होतो. समजा, मार्केटिंग किंवा फायनान्समध्ये ६ लाखांची ऑफर आली. त्यातले १ लाख २० हजार इन्सेंटिव्ह, म्हणजे टार्गेट झालं तरच. उरले ४ लाख ८० हजार. कंपनीचा पीएफचा वाटा महिना १,८०० धरला तर वर्षाचे २१,६००, ग्रॅच्युइटीचे सुमारे १२ हजार, तेही याच आकड्यात मोजलेले. त्यानंतर तुमचा पीएफ आणि व्यवसाय कर. हातात महिन्याला येतात ३५ हजारांच्या आसपास. सहा लाखांचं शैक्षणिक कर्ज १० टक्क्यांनी सात वर्षांसाठी असेल, तर हप्ता जवळपास १० हजार.

हीच ६ लाखांची ऑफर पूर्ण फिक्स असेल तर महिन्याला १० हजार जास्त मिळतात. म्हणून कॉलेजला 'हायेस्ट पॅकेज' विचारू नका. तुमच्या स्पेशलायझेशनमधल्या मधल्या मुलाला किती फिक्स मिळाले आणि कुठल्या हुद्द्यावर, ते विचारा. गेल्या वर्षी कुठले इलेक्टिव्ह प्रत्यक्षात चालले, तेही विचारा. माहितीपत्रकात दहा विषय असतात, पण पुरेशी मुलं जमली नाहीत तर बरेचसे सुरूच होत नाहीत.

इंटर्नशिप वाया घालवू नका

एमएमएसमध्ये साधारण दोन महिन्यांची इंटर्नशिप फॉर्मच्या नेमकी आधी येते. टिक करण्याआधी काम करून बघायची ही एकमेव संधी. आणि तीच बरेच जण ओळखीच्या कंपनीचं सर्टिफिकेट आणून उडवून लावतात. लॉजिस्टिक्सचा विचार असेल तर ते आठ आठवडे एखाद्या सीएफएसमध्ये किंवा तळोज्याच्या स्टोअर्स विभागात काढा. उन्हात, धुळीत, ट्रेलरच्या हॉर्नमध्ये. एचआर हवं असेल तर कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये बसा. फायनान्सवाल्याने एखाद्या सीएच्या ऑफिसात किंवा सहकारी बँकेच्या कर्ज विभागात फाइली वाचाव्यात.

तिसऱ्या आठवड्यापर्यंत कंटाळा येतोच, त्यावरून ठरवू नका. सहाव्या आठवड्यात तुम्ही घरी जेवताना त्या कामाबद्दल आपणहून बोलताय का, तेवढं आईला विचारा.